तुटपुंजी पुंजी आणि सब्र





महिन्याचा शेवटचा आठवडा आपल्यापैकी अनेकांच्या घरी वेगळ्या पावलांनी येतो. चहातले दूध कमी होते. गॅसची टाकी अजून आठ दिवस पुरावी म्हणून दोन वेळचा स्वयंपाक एकदाच उरकला जातो. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती पाठीवर वाहणारा हमाल, मिरज स्थानकाबाहेर गाडीच्या वेळेवर डोळे लावून बसलेला रिक्षावाला, साताऱ्यात राजवाड्याच्या परिसरात हातगाडीवर केळी विकणारा, पोवई नाक्याच्या आसपास एखाद्या गॅरेजमध्ये दिवसभर काळ्या हातांनी राबणारा मुलगा, आणि घरी बसून ब्लाउज शिवून देणारी त्याची आई, या सर्वांचा हिशेब रोज संध्याकाळी नव्याने मांडला जातो. घरभाडे, मुलांची फी, वडिलांची रक्तदाबाची गोळी, आणि पुढे येऊ घातलेली ईद. रक्कम तीच असते, तिची विभागणी मात्र रोज बदलते.

काही महिन्यांपूर्वी जुम्याच्या नमाजपूर्वीच्या बयानात सब्राचा विषय झाला. नमाज आटोपल्यावर एक रिक्षाचालक बंधू माझ्याजवळ आले आणि अतिशय अदबीने म्हणाले, “मौलाना, सब्र तर आम्ही रोजच करतो. आजच्या बयानात पहिल्या सफेत बसणाऱ्यांसाठी काही होते का?” त्या वेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न मनातून गेला नाही. कारण तो खरा होता. सब्राचा उपदेश आपण बहुधा ज्याच्याकडे काही नाही त्यालाच करतो, आणि ज्याच्याकडे आहे त्याला शुक्राचा. शुक्राचा उपदेश ऐकायला गोड असतो. तो ऐकून कोणी खाली मान घालून घरी जात नाही.

दिव्य कुरआनाने मात्र ही वाटणी अशी केलेली नाही. सूरह अल्-फज्र उघडून पाहावी. तिथे माणसाच्या एका जुन्या गैरसमजाचा उल्लेख आहे. पालनकर्त्याने भरभरून दिले की माणूस समजतो, माझा सन्मान झाला; रोजी मोजून-मापून दिली की समजतो, मला अपमानित केले गेले. अल्लाह या दोन्ही समजुती एकाच शब्दात फेटाळतो. आणि त्यानंतर लगेच काय येते? गरिबाला केलेला उपदेश येत नाही. येतो तो सुस्थितीतल्या माणसाला विचारलेला जाब, की तुम्ही अनाथाचा सन्मान करीत नाही आणि गरजूला जेवू घालण्यास एकमेकांना उद्युक्त करीत नाही. म्हणजे कमी मिळकत ही अल्लाहच्या नाराजीची खूण नव्हे, आणि ज्या समाजात कोणी उपाशी राहतो त्या समाजातील खाऊन-पिऊन सुखी माणसाचीच चौकशी आधी होते. त्या बंधूंच्या प्रश्नाचे उत्तर चौदाशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेले होते; बयान करणाऱ्याने ते वाचून दाखवले नाही एवढेच.

आता सब्राकडे येऊ. अरबी भाषेत या शब्दाच्या मुळाशी रोखून धरण्याचा, आवरण्याचा अर्थ आहे. जीभ तक्रारीपासून आवरणे, हात हरामपासून आवरणे, मन निराशेपासून आवरणे. हात-पाय बांधून बसणे असा अर्थ त्यात कुठेही नाही. हे सर्वाधिक स्पष्टपणे कळते ते ह. याकूब (अलै.) यांच्या हकिकतीतून. मुलगा हरवला तेव्हा त्यांनी सुंदर सब्राचा निश्चय केला. त्यांचे दुःख इतके होते की डोळे पांढरे झाले. तरीही तक्रार केली ती केवळ अल्लाहपाशी. इतके सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच सूरह यूसुफमध्ये, दुःखाच्या त्या उद्गारानंतर लगेच, ते आपल्या मुलांना आज्ञा करतात की जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका. इतक्या वर्षांनंतर! डोळे गेलेले, देशात दुष्काळ, घरात धान्य नाही, आणि हा वृद्ध पिता शोध घ्यायला सांगतो आहे. सब्र आणि शोध या दोन गोष्टी त्या घरात एकाच वेळी नांदत होत्या.

मुले निघाली. मिसरच्या दरबारात पोहोचल्यावर ती जे बोलली ते प्रत्येक अल्प मिळकतीच्या माणसाने मनाशी धरावे असे आहे. त्यांनी लपवाछपवी केली नाही. आम्हाला आणि आमच्या घरच्यांना हालअपेष्टांनी गाठले आहे, आणि आम्ही अगदी तुटपुंजी पुंजी घेऊन आलो आहोत, असे त्यांनी सांगितले. कुरआनचे मूळ शब्द ‘बिज़ाअतिन् मुज़्जातिन्’ असे आहेत. बाजारात दुकानदार ज्याला हात लावणार नाही, बाजूला सारील, असा माल. असा माल घेऊन ते आले आणि म्हणाले, तरीही आम्हाला माप पूर्ण द्या. आपल्यातील कित्येकांची रोजची कमाई ही अशीच ‘मुज़्जात’ असते. बाजारात तिच्याकडे कोणी फारसे आदराने पाहत नाही. परंतु त्या दिवशी ती पुंजी ज्याच्यापुढे ठेवली गेली तो कोण होता, हे त्यांना माहीत नव्हते. तो त्यांचाच भाऊ होता.

याच सूरहमध्ये बचतीचा एक धडा आहे, आणि सांगलीकरांना तो समजावून सांगण्याची गरज नाही. ह. यूसुफ (अलै.) यांनी राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगताना जो मार्ग दाखवला तो असा की सुकाळाच्या सात वर्षांत पीक काढाल ते कणसांतच राहू द्यावे, खाण्यापुरते थोडेसे तेवढे वेगळे करावे. कणसात राहिलेला दाणा टिकतो. सांगलीजवळ, कृष्णा आणि वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तिथल्या मातीत खोल खणलेली हळदीची पेवे आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिली असतील. आतून पेंढ्याचे अस्तर, वर मातीने घट्ट बंद केलेले तोंड, आणि आत हवा नसल्याने कीड न लागता वर्षानुवर्षे राहणारी हळद. पेव उघडले की लगेच कोणी आत उतरत नसे; बाहेरची हवा आत जाऊ द्यावी लागे, नाहीतर उतरणाऱ्याच्या जिवावर बेतायचे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्या नावलौकिकामागे या साठवणुकीचाही हात आहे.

घरातील बचतही पेवासारखी असावी. बंद, नजरेआड, आणि सहजासहजी न उघडणारी. दिवसाला वीस रुपये बाजूला पडले तर वर्षाला सात हजार तीनशे होतात. ज्याची कमाई दिवसाला पाचशे आहे त्याला वीस रुपये जड जात नाहीत असे मी म्हणणार नाही, जातात. परंतु गुटख्याच्या दोन पुड्यांना तेवढे जातातच, आणि ते मात्र कोणाला जड वाटत नाहीत. कुरआनात हात मानेला बांधून ठेवण्यासही मनाई आहे आणि पुरता मोकळा सोडण्यासही, कारण त्यानंतर माणूस निंदेस पात्र आणि हतबल होऊन बसतो. आपल्याकडे हात मोकळा सुटतो तो विशेषतः लग्नात. वर्षभर काटकसर करणारा बाप एका दिवसाच्या हॉलसाठी, बँडसाठी आणि तीन प्रकारच्या गोड पदार्थांसाठी पाच वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतो. निकाहला लागतात दोन साक्षीदार, ईजाब-कबूल आणि महेर. बाकीचे आपण आणून ठेवलेले आहे.

पेवांचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. २००५ च्या महापुरात पुष्कळ पेवांत पाणी शिरले. वर्षानुवर्षे कीड न लागलेली हळद पाण्याने गेली. काटकसर केली, जपून ठेवले, हलाल कमावले, म्हणजे आता काही होणार नाही असा करार अल्लाहने कोणाशी केलेला नाही. सूरह अल्-बकरामध्ये तर आधीच कळवले आहे की भीतीने, भुकेने, आणि माल, जीव व फळे यांच्या हानीने तुमची परीक्षा घेतली जाईल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. महाबळेश्वर-कोयनेकडे पडलेला पाऊस साताऱ्याजवळच्या माहुलीवरून, कऱ्हाडवरून वाहत सांगलीच्या गल्ल्यांत आला. दोन वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर घरात परतलेल्या माणसाला पहिल्यांदा काय दिसते? चिखल, फुगलेला दरवाजा, भिजून गेलेली शिलाई मशीन, आणि मुलांची पुस्तके.

कबरीपाशी आक्रोश करणाऱ्या एका स्त्रीला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले होते की खरा सब्र हा आघाताच्या पहिल्या क्षणीचा असतो. या हदीसचा अर्थ डोळ्यांतून पाणी येऊ नये असा नाही. पुत्राच्या, ह. इब्राहीम यांच्या मृत्यूच्या वेळी स्वतः प्रेषितांचे (स.) डोळे भरून आले होते. अर्थ असा की त्या पहिल्या क्षणी तोंडून काय निघते आणि हात कोणत्या दिशेने जातो, त्यावर पुढचे सर्व ठरते. चिखलात उभे राहून ‘इन्ना लिल्लाहि’ म्हणणारा माणूस दुसऱ्या क्षणी फावडे शोधतो. आणि दुसरा एक हात त्याच क्षणी सावकाराच्या दाराकडे जातो.

या दुसऱ्या हाताविषयी थोडे अधिक लिहावे लागेल, कारण आज आपल्या मोहल्ल्यांत सर्वात मोठी आपत्ती नदीची नसून हप्त्याची आहे. दहा हजार रुपये महिना दहा टक्क्यांनी घेतले तर दरमहा हजार रुपये केवळ व्याज जाते. वर्षभरात बारा हजार भरून होतात आणि मुद्दलाचे दहा हजार जागच्या जागी उभे राहतात. हे गणित पाचवीतला मुलगा करू शकतो; परंतु ज्या रात्री मूल दवाखान्यात असते त्या रात्री गणित कोणी करीत नाही. मग एका गटाचे कर्ज फेडण्यासाठी दुसऱ्या गटाचे, दुसऱ्यासाठी तिसऱ्याचे. हप्तेवाला गल्लीत आला की घरातल्या मुलाला सांगितले जाते, “सांग, अम्मी बाहेर गेली.” प्रेषित (स.) नमाजमध्ये कर्जापासून अल्लाहचे संरक्षण मागत असत. कोणीतरी विचारले, आपण कर्जाविषयी एवढे का मागता? तेव्हा त्यांनी कारण सांगितले की कर्जात बुडालेला माणूस बोलतो तेव्हा खोटे बोलतो, आणि वचन देतो तेव्हा मोडतो. त्या लहान मुलाच्या तोंडचे ते वाक्य आठवा. व्याजाने केवळ पैसा नेला नाही, मुलाची जीभही नेली.

व्याज हराम आहे हे आपण मिंबरवरून सांगतो आणि घरी जातो. परंतु ज्या रात्री त्या बापाला दहा हजारांची गरज होती त्या रात्री कर्जे-हसना देणारे एक तरी दार मोहल्ल्यात उघडे होते का? मशिदीच्या रंगकामासाठी, फरशीसाठी, नव्या झुंबरासाठी वर्गणी उभी राहते. तेवढ्याच रकमेतून दहा-दहा हजारांची बिनव्याजी कर्जे फिरती ठेवणारा बैतुलमाल उभा राहू शकतो. अडचणीतल्या ऋणकोला सवड मिळेपर्यंत मुदत द्यावी, आणि माफच केले तर ते अधिक चांगले, अशी कुरआनची शिकवण आहे. ती देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्यालाही एक गोष्ट सांगतो. ज्याच्याजवळ परवाना नाही असा सावकार धमकावत असेल, घर किंवा रिक्षा लिहून मागत असेल, तर गप्प राहणे हा सब्र नव्हे. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे आणि सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात त्याची तक्रार करता येते. जुलूम सोसणे आणि सब्र करणे यांत फरक आहे. त्याचप्रमाणे रेशनचे धान्य, मुलांची शिष्यवृत्ती, सरकारी दवाखान्यातील उपचार हा आपला हक्क आहे; तो मागण्यात भीक नाही आणि लाजही नाही. लाज खोटे कागद जोडण्यात आहे.

मागण्यावरून आठवले. अबू दाऊदच्या हदीससंग्रहात एका अन्सारी गृहस्थाची हकिकत आली आहे. ते मागायला आले. प्रेषितांनी (स.) विचारले, घरात काहीच नाही का? एक जाडेभरडे वस्त्र होते, अर्धे अंथरायला आणि अर्धे पांघरायला, आणि पाणी पिण्याचे एक भांडे. ते दोन्ही मागवून प्रेषितांनी (स.) स्वतः लिलाव केला. दोन दिरहम आले. एका दिरहमचे अन्न घरी पाठवले, दुसऱ्याची कुऱ्हाड आणवली, आपल्या पवित्र हातांनी तिला दांडा बसवला आणि म्हणाले, जा, लाकडे तोडून विक, आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस. पंधरा दिवसांनी तो माणूस आला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते. या प्रसंगात उपदेशाची वाक्ये फार थोडी आहेत. आधी घरी अन्न गेले, मग अवजार आले, मग मुदत ठरली. आणि अवजाराला दांडा बसवणारा हात कोणाचा होता हे विसरू नये. आपण मदत करतो तेव्हा दांडा बसवायला वेळ देत नाही.

साताऱ्याला ही गोष्ट परकी वाटू नये. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवले. सर्व जातिधर्मांची गरीब मुले तिथे एकत्र राहत आणि कष्ट करून शिकत. कोठीतले धान्य संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातले. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांत पहिला शिकलेला माणूस ‘रयत’मध्येच शिकला आहे. त्या माउलीचे ऋण मान्य करण्यात आपला इमान कमी होत नाही, जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही आभार मानत नाही, ही तर प्रेषितांचीच (स.) शिकवण आहे.

पहिल्या सफेतील बंधूंना आता थेट विचारतो. तुमच्या दुकानात, बेकरीत, गॅरेजात काम करणाऱ्या माणसाचा पगार दहा तारखेला होतो की वीस? मजुराला त्याचा घाम वाळण्यापूर्वी मजुरी द्यावी असा आदेश आहे. तुम्ही दहा दिवस उशीर केला, त्या दहा दिवसांत तो सावकाराकडे गेला, तर त्या व्याजाच्या पापात तुमचा वाटा किती? रमजानमध्ये तुम्ही शंभर किटे वाटता, अल्लाह कबूल करो. परंतु रांगेत उभ्या असलेल्या स्त्रीचा किट घेतानाचा फोटो मोबाईलवर सर्व गावाला का दिसतो? कुरआनाने ज्या गरजूंना मदतीचे विशेष हकदार म्हटले आहे ते रांगेत नसतातच. ते लोकांच्या मागे लागून मागत नाहीत, आणि त्यांच्या या संयमामुळे अजाण माणूस त्यांना सुखवस्तू समजतो. ओळखायचे ते त्यांच्या चेहऱ्यावरून. चेहरा ओळखायला त्यांच्या घरी जावे लागते. इस्त्री केलेला शर्ट घालून नमाजला येणाऱ्या, आणि गेले दोन महिने मुलाच्या शिकवणीचे पैसे न देऊ शकलेल्या माणसाचे घर तुम्हाला माहीत आहे का?

आणि भगिनींनो, शेवटी घराकडे येतो, कारण तुटपुंज्या मिळकतीचा खरा भार तुमच्या खांद्यावर आहे. नवरा कमावतो ते आकडे असतात. त्याची भाकरी तुम्ही करता. ह. आयशा (रजि.) यांनी आपले भाचे उर्वा यांना सांगितले की आम्ही एकापाठोपाठ तीन चंद्र पाहायचो आणि प्रेषितांच्या (स.) घरात चूल पेटलेली नसायची. उर्वांनी विचारले, मग आपण जगत कशावर होता? खजूर आणि पाणी, असे उत्तर आले. त्यापुढे त्यांनी एक गोष्ट जोडली, जी बयानात बहुधा गाळली जाते: आमचे काही अन्सारी शेजारी होते, त्यांच्याकडे दुभती जनावरे होती, ते दूध पाठवायचे. त्या शेजाऱ्यांची नावे तिथे सांगितलेली नाहीत. परंतु जगातील सर्वांत थोर घराची चूल पेटलेली नाही हे त्यांना न सांगता कळत होते.

मुलांना हे सांगा. शेजारच्या मुलाच्या हातातील महागडा मोबाईल पाहून तुमचे मूल रुसेल, तेव्हा त्याला रागावू नका. संपत्तीत आपल्यापेक्षा वर असलेल्याकडे पाहण्याऐवजी खाली असलेल्याकडे पाहावे, म्हणजे अल्लाहची देणगी क्षुल्लक वाटत नाही, ही हदीस त्याला समजेल अशा भाषेत सांगा. आणि घरचा हिशेब त्याच्यापासून लपवू नका. दहा वर्षांच्या मुलाला आपल्या बापाचे उत्पन्न माहीत असले तर तो बापाचा अधिक आदर करतो, असा माझा अनुभव आहे.

ह. अबू जर (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) सांगितले होते की रस्सा शिजवशील तेव्हा पाणी वाढव आणि शेजाऱ्यांची आठवण ठेव. साताऱ्या-सांगलीच्या घरांत रश्श्यात पाणी वाढवणे कोणाला शिकवावे लागत नाही. दारात अचानक पाहुणा उभा राहिला की आतून पातेल्यात तांब्या ओतल्याचा आवाज येतो, आणि वर तिखट-मीठ थोडे अधिक पडते. प्रेषितांनी (स.) मटण वाढव असे म्हटले नाही. पाणी वाढव म्हटले, म्हणजे ज्याच्याकडे पाणी आहे त्याला ‘माझ्याकडे द्यायला काही नाही’ असे म्हणता येऊ नये. आमच्या गल्लीत शेजारणीचे भांडे रिकामे परत करायचे नाही असा रिवाज होता. घरात काहीच नसे तेव्हा माझी आई त्या भांड्यात चिमूटभर साखर घालून ते पदराखाली झाकून देऊन येई. शेजारीण शिवमंदिराच्या पुजाऱ्याची सून होती, आणि तिच्याकडूनही आमचे भांडे कधी रिकामे आले नाही.